कुत्र्याची भुवई आणि आपला निवाडा

गेल्या महिन्यात एका स्नेह्यांकडे जेवायला गेलो होतो. टेबलावर पुरणपोळ्या, टेबलाखाली त्यांचा सात वर्षांचा लॅब्रॅडोर. आम्ही पहिला घास मोडला तसं त्यानं डोकं खाली घातलं, नजर वर केली, भुवयांची आतली टोकं उचलली आणि असा काही बापुडवाणा चेहरा केला की वहिनींचा हात तिथल्या तिथे थांबला. "बघा ना, कसा बघतोय बिचारा. घास उतरत नाही घशाखाली." त्यावर त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, नाटक आहे ते. हजारो वर्षांत माणसाला गंडवायला शिकलेत ही कुत्री. शास्त्रज्ञांनीच दाखवून दिलंय." मग दोन तट पडले. एका बाजूला 'मुक्या जिवाचं दुःख', दुसऱ्या बाजूला 'लबाडी'. अर्धा तास वाद झाला, पोळ्या गार झाल्या, आणि त्या अर्ध्या तासात टेबलाखाली कुणीही वाकून पाहिलं नाही.

हा वाद आता घराघरात ऐकू येतो आणि दर वेळी तो याच दोन खुंट्यांना बांधलेला असतो. माझ्या मते दोन्ही बाजू एकच चूक करताहेत. दोघंही कुत्र्याचा चेहरा माणसाचा चेहरा समजून वाचतात. एकाला त्यात दुखावलेलं माणूस दिसतं, दुसऱ्याला लबाड माणूस दिसतं. ती उचललेली भुवई दुःखाची साक्ष नाही आणि फसवणुकीचीही नाही. ती माणसाच्या दिशेनं केलेली एक हालचाल आहे, एक हाक आहे. तिला 'दुःखी' हे विशेषण आपण लावलेलं आहे. हा शब्दांचा कीस वाटेल, पण तसा तो नाही. या चुकीची किंमत कुत्री मोजतात, आणि कधी कधी लहान मुलंही.

आधी त्या मुलाच्या बाजूचं बलस्थान मान्य करू, कारण ते खरोखर मोठं आहे. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या युलियाने कामिन्स्की, अमेरिकेतल्या शरीररचनातज्ज्ञ अॅन बरोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. मेलेल्या सहा कुत्र्यांच्या आणि चार लांडग्यांच्या चेहऱ्यांचं विच्छेदन करून त्यांनी स्नायू ताडून पाहिले. बाकी चेहरा जवळपास सारखा होता, फरक डोळ्यांभोवती होता. भुवईचं आतलं टोक वर उचलणारा स्नायू सहाही कुत्र्यांत ठळक होता. लांडग्यांत त्या जागी स्नायूचे तुरळक धागे होते. जिवंत कुत्री आणि लांडगे यांच्यासमोर अनोळखी माणूस उभा केला, तेव्हाही कुत्र्यांनी भुवई जास्त वेळा आणि जास्त जोरानं उचलली. त्याच्या सहा वर्षं आधी, २०१३ साली, याच विद्यापीठाच्या ब्रिजेट वॉलर आणि कामिन्स्की यांनी निवारा केंद्रांतल्या २७ कुत्र्यांचं निरीक्षण केलं होतं. भुवई जितकी जास्त हलली तितक्या लवकर त्या कुत्र्याला घर मिळालं. दोन मिनिटांत पाच वेळा भुवई उचलणाऱ्याला सरासरी ५० दिवस वाट पाहावी लागली, पंधरा वेळा उचलणाऱ्याला २८ दिवस. शेपूट हलवण्याचा मात्र काही उपयोग झाला नाही. आपण समजतो की आनंदानं शेपूट हलवणारा कुत्रा आपल्याला आवडतो. प्रत्यक्षात घरी नेताना आपण उदास दिसणाऱ्यापाशी थांबतो.

असं का होतं, याचंही उत्तर आहे. माणूस खिन्न होतो तेव्हा त्याच्या भुवयांची आतली टोकं वर जातात आणि कपाळाच्या मध्यावर आठ्या पडतात. चार्ल्स डार्विननं १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर लिहिताना या स्नायूंना शोकाचे स्नायू म्हटलं आहे. शिवाय भुवई वर गेली की डोळा मोठा दिसतो, आणि मोठे डोळे, मोठं कपाळ, लहान हनुवटी असा चेहरा दिसला की माणसाला लेकराची आठवण होते. म्हणजे कुत्र्याच्या एका छोट्या हालचालीत आपल्याला खिन्न माणूस आणि तान्हं मूल दोन्ही एकदम दिसतात. वहिनींचा घास अडकला यात त्यांचा काय दोष?

जाता जाता एक सांगायचा मोह होतो. कुत्र्याची भुवई माणसाच्या नजरेत आजच भरलेली नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन कुत्र्यांना 'चतुरक्षौ', म्हणजे चार डोळ्यांचे, म्हटलं आहे. याचा एक अर्थ असा लावतात की, डोळ्यांवर ठिपके असलेले कुत्रे. पारशी लोकांच्या अंत्यसंस्कारातल्या सगदीद विधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, आणि तिथेही जुन्या ग्रंथांना चार डोळ्यांचाच कुत्रा हवा असतो. आपल्याकडच्या काळ्या-तांबूस गावठी कुत्र्यांत असे भुवईवर ठिपके असणारे पुष्कळ दिसतात. ठिपका हलला की आपलं लक्ष जातंच. मुंबईपासून गंगेपर्यंत आणि इराणपर्यंत, मरणाच्या वाटेवर माणसानं ज्या प्राण्याची नजर सोबतीला घेतली, त्याच्या डोळ्यांवर इतकं बारीक लक्ष असणं मला फार हृद्य वाटतं.

आता या सगळ्यावरून 'कुत्री आपल्याला गंडवतात' हे सिद्ध होतं का? माझं उत्तर ठाम नकारार्थी आहे, आणि त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं कारण त्या स्नायूचंच. २०१९ चा निबंध आला तेव्हा जगभर बातमी अशी झाली की माणसासाठी कुत्र्याला नवा स्नायू फुटला. पण २०२४ साली अमेरिकेतल्या हेदर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकी रानकुत्र्याच्या चेहऱ्याचं विच्छेदन केलं. आपल्या ताडोबा-मेळघाटातल्या कोळसुनाचा हा दूरचा नातलग. माणसानं तो कधी पाळला नाही, तरी भुवई उचलणारा स्नायू त्याच्यात चांगला वाढलेला सापडला. त्याच वर्षी बेलर विद्यापीठातल्या पॅट्रिक कनिंगहॅम यांच्या गटानं कोयोटी या अमेरिकी रानटी श्वापदातही तो दाखवला आणि म्हटलं की कदाचित कुत्र्यानं काही मिळवलं नसून लांडग्यानं गमावलं असावं. सहा कुत्री आणि चार लांडगे एवढ्या पुंजीवर उभं राहिलेलं विधान किती ताणायचं, याचा विचार बातम्यांनी केला नव्हता. त्या सहांतला एक हस्की तर दुसऱ्या एका स्नायूच्या बाबतीत, डोळ्याचा बाहेरचा कोपरा कानाकडे ओढणाऱ्या स्नायूच्या बाबतीत, इतर कुत्र्यांहून वेगळा निघाला होता. रानकुत्रे कळपानं शिकार करतात, एकमेकांकडे सतत पाहतात. भुवई मुळात कुत्र्यानं कुत्र्याला दाखवण्याची गोष्ट असेल आणि पुढे माणूसही त्या कळपात शिरला असेल, ही शक्यता आता सोडता येत नाही. मग हे आपल्यासाठी रचलेलं नाटक, असं कशावरून म्हणायचं?

दुसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समजा, माणसाच्या पसंतीमुळेच भुवई उचलणारी कुत्री जास्त जगली, जास्त वाढली. तरी त्यातून आजच्या कुत्र्याचा कावा कसा सिद्ध होतो? आपल्याकडे म्हणतात, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. तान्ह्या मुलाचं रडणंही असंच घडलेलं आहे. ज्यांचं रडणं आईच्या काळजाला भिडलं ती जगली. म्हणून पाळण्यातलं बाळ 'नाटक करतंय' असं आपण म्हणतो का? रडणं उपयोगी पडतं आणि ते खरंही असतं, या दोन गोष्टी एका पाळण्यात सुखानं नांदतात. हजारो पिढ्यांच्या निवडीचा हिशेब एका जिवाच्या हेतूवर मांडणं ही तर्काची चूक आहे. फुलाचा रंग मधमाशीसाठी घडला म्हणून फूल लबाड ठरत नाही. दुष्काळात रानोमाळ हिंडणाऱ्या पोरक्या मुलांच्या चेहऱ्याकडे पाहून 'भीक मागण्यात तरबेज आहेत' म्हणणारी माणसं प्रत्येक काळात होती. ज्याच्या हातात घास असतो, त्याला समोरच्याच्या गरजेत कसब दिसू लागतं. ही सवय जुनी आहे आणि ती कुत्र्यापुरती मर्यादित नाही.

तिसरं कारण प्रयोगाचं. २०१७ साली कामिन्स्की यांच्याच गटानं २४ पाळीव कुत्र्यांसमोर कधी तोंड करून, कधी पाठ करून माणूस उभा केला. कधी त्याच्या हातात खाऊ होता, कधी हात रिकामे. माणसाचं तोंड समोर असताना कुत्र्यांच्या चेहऱ्यावरच्या हालचाली वाढल्या. खाऊमुळे मात्र काही फरक पडला नाही. हे नीट पाहिलं पाहिजे. खाण्यासाठी केलेला कावा असता तर खाऊ दिसताच भुवया नाचायला हव्या होत्या. नाचल्या नाहीत. कुत्रा पाहतो की समोरचा आपल्याकडे पाहतोय, आणि मग त्याचा चेहरा बोलू लागतो. आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांवर काम करणाऱ्या, कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या अनिंदिता भद्र यांच्या प्रयोगशाळेनंही २०१७ सालीच दाखवलं की अनोळखी माणसाशी पुन्हा पुन्हा गाठ पडली तर रस्त्यावरची कुत्री खाण्यापेक्षा पाठीवरून फिरणाऱ्या हाताला जास्त धरून राहतात. उकिरड्यावर पोट भरणारा हा प्राणी, आणि त्याला खाण्याहून हात प्रिय! त्याला लोचट म्हणायला आपली जीभ कशी धजावते?

इतकं म्हटल्यावर वहिनींच्या बाजूला वाटेल की मी त्यांच्याकडून आहे. भावनेनं आहेच. त्यांचा मुद्दा हलका नाही. कुत्र्याला भावना असतात याबद्दल मला शंका नाही. भीती, आनंद, लळा, ताटातूट हे सगळं त्याच्या शरीरात आपल्यासारख्याच रसायनांनी घडतं. जपानमधल्या अझाबू विद्यापीठात २०१५ साली दिसलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक वाढतं. आई आणि बाळ यांच्यात असतं तसंच हे चक्र. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत ते आढळलं नाही. घरातला सोबतीचा कुत्रा गेल्यावर मागे राहिलेला खेळेनासा होतो, खाणं सोडतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कुणी पटवून द्यायला नको. कुत्र्याला दुःख होतं. माझा आक्षेप एवढाच आहे की ते आपण भुलतो त्या जागी दिसत नाही.

डार्विनचाच एक कुत्रा घ्या. फिरायला निघालं की तो खुशीत, डौलात पुढे चालायचा. वाटेत एक पायवाट काचघराकडे वळायची. डार्विनला तिथे आपल्या झाडांवरचे प्रयोग पाहायचे असत, आणि तो तिकडे वळला की फिरणं पुढे होणार की नाही, हे कुत्र्याला कळेनासं व्हायचं. त्या क्षणी त्याचा जो अवतार व्हायचा त्याला घरात 'काचघरी चेहरा' असं नावच पडलं होतं. डार्विननं त्याचं वर्णन केलंय. डोकं खाली, सगळं अंग किंचित खचलेलं आणि निश्चल, कान आणि शेपूट एकदम पडलेली, डोळ्यांतली चमक कमी झाल्यासारखी. वर्णनाची सुरुवातच डोकं, अंग, कान, शेपटीपासून होते. भुवईचा त्यात उल्लेख नाही. माणसाच्या शोकाचे स्नायू बारकाईनं टिपणाऱ्या या माणसानं स्वतःच्या कुत्र्याची निराशा वाचताना नाक ते शेपूट सगळा कुत्रा वाचला. आणि त्याला ती वाचता आली, कारण पायवाट कुठे वळते हे त्याला ठाऊक होतं.

आपण इतके चांगले वाचक नाही. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्य विद्यापीठात हॉली मोलिनारो आणि क्लाइव्ह विन यांनी एका कुत्र्याचं वेगवेगळ्या प्रसंगांत चित्रण केलं. कधी त्याला फिरायची दोरी दाखवली, कधी त्याला न आवडणारा व्हॅक्यूम क्लीनर आणला. मग चित्रफितींत फेरफार करून आनंदातल्या कुत्र्याला वाईट प्रसंगात आणि वाईट प्रसंगातल्या कुत्र्याला आनंदाच्या प्रसंगात बसवलं. पाहणाऱ्यांनी निवाडा दिला तो प्रसंगावरून. दोरी दिसली की कुत्रा खूश, व्हॅक्यूम क्लीनर दिसला की कुत्रा दुःखी. प्रत्यक्ष कुत्रा काय करतोय हे जवळपास कुणी पाहिलंच नाही. २०१९ साली २९ लॅब्रॅडोरवर झालेल्या आणखी एका अभ्यासात खाऊ मिळणार या अपेक्षेतला चेहरा आणि तो मिळत नाही म्हणून वैतागलेला चेहरा ताडून पाहिला. अपेक्षेत कान एकमेकांकडे ओढले जातात. वैतागात कान मागे चिकटतात, पापण्या मिटमिटतात, ओठ विलग होतात, जबडा उघडतो, जीभ नाकावर फिरते. दोन्ही याद्यांत भुवई नाही. आपण ज्या अवयवावर कविता करतो, तो या प्रश्नात साक्षीलाही येत नाही.

इथपर्यंतचं सगळं कुणी 'बरं, मग काय बिघडलं?' म्हणून झटकून टाकेल. बिघडतं ते असं.

सगळ्यात आधी 'अपराधी' चेहऱ्याचं प्रकरण. चप्पल फाटलेली असते, कुत्रा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असतो आणि मालक म्हणतो, "बघा, त्याला कळतंय आपण काय केलंय ते." आणि हात उगारतो. १९७७ साली अमेरिकेतले प्राण्यांच्या वर्तनाचे सल्लागार व्होल्मर यांनी अशाच एका तक्रारदार मालकिणीला सांगितलं, कागद तुम्हीच फाडून ठेवा, बाहेर जा आणि परत या. कुत्रीनं काहीही केलं नव्हतं, तरी फाटलेले कागद आणि मालकीण एकत्र दिसताच ती तितकीच 'अपराधी' दिसली. २००९ साली अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी १४ कुत्र्यांवर हे रीतसर तपासलं. मनाई केलेला खाऊ काहींनी खाल्ला, काहींनी खाल्ला नाही, आणि मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं गेलं. अपराधी चेहऱ्याचा अपराधाशी काही संबंध निघाला नाही. संबंध निघाला तो रागावण्याशी. सगळ्यात जास्त अपराधी कोण दिसलं? ज्यांनी काही केलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, ते. ती शरम नव्हती, ते भय होतं. आणि भ्यालेल्याला गुन्हेगार ठरवून आपण आणखी भिववतो.

हे वाचताना मला महाभारताची सुरुवात आठवते. आदिपर्वात जनमेजयाचं यज्ञसत्र चाललेलं असताना देवांची कुत्री सरमा हिचं पिल्लू तिथे येतं. श्रुतसेन, उग्रसेन, भीमसेन हे जनमेजयाचे तिघे भाऊ त्याला मारून हाकलतात. ते रडत आईकडे जातं. आई विचारते, तू काही अपराध केला असशील. ते म्हणतं, मी काहीच केलं नाही, हविर्द्रव्य चाटलं नाही, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरमा भर सत्रात जाऊन जाब विचारते आणि एकाच्याही तोंडून उत्तर येत नाही. मग ती शाप देते की तुम्हाला अकल्पित भय येईल. इतक्या प्रचंड ग्रंथाच्या दारातच एका कुत्र्याच्या पिल्लावरचा अन्याय उभा केलाय, आणि तो कसा, तर पाहिलं नाही, चाटलं नाही, तरी मार. होरोवित्झ यांच्या त्या निरपराध कुत्र्यांची कैफियत याहून वेगळी काय आहे?

दुसरं, चेहऱ्यावर भाळून आपण काय काय घडवलं ते पाहा. पगच्या कपाळावरच्या वळ्या आणि बटबटीत डोळे यांमुळे तो जन्मापासून मरेपर्यंत चिंतेत दिसतो. त्याला भुवई उचलावीच लागत नाही, आपण ती कायमची कोरून ठेवली आहे. या शतकाच्या सुरुवातीला एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग दिसला आणि पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंत घरोघरी पग आले. त्या चपट्या नाकातून धड श्वास घेता येत नाही. श्वासावर अंग थंड ठेवणारा हा प्राणी विदर्भाच्या उन्हाळ्यात काय सोसत असेल? झोपेत तो घोरतो, त्यालाही आपण गोड म्हणतो. चेहरा कायमचा दुःखी आणि घुसमट खरी, पण आपण चेहऱ्यावर जीव ओवाळतो आणि घुसमट आपल्याला ऐकू येत नाही. याच नियमानं रस्त्यावरची लांब तोंडाची, ताठ कानाची, साध्या डोळ्यांची गावठी कुत्री आपल्याला 'भावनाशून्य' वाटतात आणि त्यांच्या वाट्याला दगड येतो.

तिसरं, मुलं. २०२४ साली देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. त्यामागे नसबंदी, लसीकरण, कचरा, महापालिकांची अनास्था अशी अनेक कारणं आहेत आणि त्यांबद्दलचा वाद न्यायालयांपर्यंत गेलेला आहे, तो इथे उकरत नाही. पण घरातला, ओळखीचा कुत्रा मुलाला चावतो तेव्हा बहुधा मूल त्याच्या तोंडाशी वाकलेलं असतं. 'दुःखी दिसतोय, त्याला जवळ घे' हे आपणच शिकवलेलं असतं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइंट्स यांनी दाखवलं आहे की लहान मुलं दात काढून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला हसतोय असं समजतात. ओठ ताणले आणि दात दिसले की माणूस हसतो, हाच त्यांचा धडा. मोठ्यांची भुवईबाबतची चूक आणि मुलांची दातांबाबतची चूक यांत फरक कुठे आहे? कुत्रा ताठरला, जांभई देऊ लागला, ओठ चाटू लागला, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवू लागला, तर तो 'दूर हो' म्हणतोय, हे शाळेतल्या मुलाला पाच मिनिटांत शिकवता येतं. आपण त्याऐवजी त्याला 'बिच्चारा' हा एकच शब्द शिकवतो.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात अवघड आक्षेप वहिनींनीच त्या दिवशी घेतला. त्या म्हणाल्या, "चुकीचं वाचून का होईना, माणूस दया तर करतो ना? तेही काढून घेतलंत तर उरेल काय?" हा प्रश्न मला घरी जाईपर्यंत सोडेना. मग नामदेवांची गोष्ट आठवली. लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली. कुत्रं भाकरी पळवून निघालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकूनही एक तपशील माझ्या लक्षात आला नव्हता. कुत्रं पळत होतं. नामदेवांना त्याची पाठ दिसत होती. केविलवाण्या डोळ्यांची त्यांना गरज पडली नाही. भाकरी कोरडी आहे एवढं त्यांनी पाहिलं. दयेला चेहऱ्याचा दाखला लागत असेल तर ज्यांचे चेहरे बोलत नाहीत त्यांचं काय? बैलाला अशी भुवई नाही. कोंबडीला नाही. दुखणं लपवून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही, त्या वेळी, नसते.

हे शेवटचं मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्याकडे बंड्या होता, काळा-तांबूस, भुवयांवर दोन ठिपके असलेला, वारज्याच्या पुलाखालून आणलेला. त्याचे डोळे सगळ्या बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध होते. कुणीही आलं की तो डोकं तिरकं करून ठिपके उचलायचा आणि आलेला माणूस विरघळायचा. तेराव्या वर्षी तो जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबू लागला. आम्ही म्हणालो, लाड हवेत, उचलून घ्या म्हणतोय. उचलून घेतलं की भुवया वर, आम्ही खूश. रात्री उठून जागा बदलायचा, आम्ही म्हणालो, उकडतंय. एकच पंजा चाटत बसायचा, आम्ही म्हणालो, सवय. चेहरा तोच होता, नेहमीचा, इतक्या वर्षांचा, आणि आम्ही सगळे तिथेच पाहत होतो. पशुवैद्याकडे नेलं तेव्हा त्यानं बंड्याच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. मागे जाऊन बसला, दोन्ही मांड्या हातांत धरल्या आणि विचारलं, "उजवी मांडी इतकी बारीक कधीपासून झाली?" आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही. कमरेचा सांधा कित्येक महिने झिजत आला होता.

तो गेल्यावर फोनमधले त्याचे फोटो काढून पाहिले. शेवटच्या हिवाळ्यातला एक आहे, सगळ्यांना आवडलेला. गॅलरीत कोवळं ऊन, ठिपके उचललेले, डोळे थेट आपल्याकडे. त्या वेळी नातेवाइकांनी लिहिलं होतं, किती गोड, किती उदास. मी तो अजून जपून ठेवलाय. त्यात मागचा उजवा पाय जमिनीला टेकलेला नाही.